सावली पूर्वेला, बीज पश्चिमेला

निपाणीतल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवलं. अभ्यासक्रम कर्नाटकाचा, पुस्तक मराठी आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी आजी कन्नड बोलणारी. "चंद्राच्या कला कशानं होतात?" असं विचारलं की दरवर्षी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच उत्तर यायचं, "पृथ्वीची सावली पडते म्हणून, बाई." पालकसभेत इंजिनिअर झालेले बापही हेच सांगायचे. उत्तर ठाम असायचं आणि साफ चुकीचं असायचं. सावलीनं होतं ते चंद्रग्रहण, कलांचा सावलीशी काही संबंध नाही. हे मुलांच्या, सासूबाईंच्या आणि शेजारणींच्या गळी उतरवताना जे हाती लागलं, ते इथं क्रमानं मांडते. क्रम महत्त्वाचा नाही, पण पहिला मुद्दा पहिलाच हवा.

१. आधी विचारायचं, चंद्र कुठं आहे आणि सूर्य कुठं आहे.

फळ्यावर आकृती काढायच्या आधी हा प्रश्न टाकला की अर्धं काम होतं. बीजेची कोर संध्याकाळी कुठं दिसते? याचं उत्तर वर्गात सगळ्यात आधी मुसलमान मुलं द्यायची. रमजानच्या शेवटी चांद बघायला ती गच्चीवर चढलेली असत. "पश्चिमेला, मगरिबच्या टायमाला, सूर्य बुडतो तिथंच जरा वर." भाऊबीजेच्या संध्याकाळची कोरही तिथंच असते. आता पुढचा प्रश्न, सूर्य पश्चिमेला असेल तर आपली सावली कुठं पडते? पूर्वेला. पृथ्वीचीही पूर्वेलाच. मग पूर्वेला पडणारी सावली पश्चिमेच्या चंद्रावर जाऊन बसेल कशी?

एवढं झालं की वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मागून कुणीतरी म्हणतं, "व्हय की ओ बाई." कोर असते तेव्हा चंद्र सूर्याच्या बाजूला असतो. सावलीत जायचं तर त्याला सूर्याच्या बरोबर समोर, उलट्या टोकाला जावं लागतं. तिथं तो फक्त पौर्णिमेला पोचतो. म्हणून चंद्रग्रहण पौर्णिमेलाच, दुसऱ्या कुठल्याही तिथीला नाही.

आणखी एक गोष्ट बीजेला दाखवण्यासारखी. पुस्तकातल्या चित्रात कोर उभी असते. आपण विषुववृत्ताला जवळ, साधारण सोळा अंशांवर राहतो. त्यामुळं फाल्गुन-चैत्रात आपल्या बीजेची कोर जवळजवळ आडवी पडलेली असते, दोन्ही टोकं वर. भाद्रपद-आश्विनात ती तिरकी होते. कोरीची फुगीर बाजू नेहमी बुडालेल्या सूर्याकडं तोंड करून असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की उजेड कुठून येतो ते वेगळं सांगावं लागत नाही. नीट बघितलं तर कोरीच्या आतला उरलेला गोलही फिकट राखाडी दिसतो. त्याला तो उजेड पृथ्वीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाचा मिळतो.

२. चंद्र कधीच "अर्धा" होत नाही, किंवा नेहमीच अर्धा असतो.

सूर्य कायम चंद्राचा अर्धा गोल उजळतो. अमावास्येलाही उजळतो, फक्त ती बाजू आपल्याकडं पाठ करून असते. आपण त्या उजळलेल्या अर्ध्यातला किती भाग बघू शकतो, तेवढी ती कला. बास. या मुद्द्यावर जास्त वेळ घालवू नये, मुलं कंटाळतात.

३. उपास धरणाऱ्या बायकांना आकाश आधीच पाठ असतं.

माझ्या सासूबाईंनी भूगोलाचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. पण पुनवेला चंद्र दिवेलागणीला उगवतो आणि संकष्टीला जेवायला उशीर होतो, हे त्या मला शिकवायच्या. त्यातच सगळं आलं. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. पुनवेनंतर तीन-चार दिवसांनी येणाऱ्या चतुर्थीला म्हणूनच आठ-साडेआठ ते दहापर्यंत ताटकळावं लागतं. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला वर येतो, आणि शुक्ल अष्टमीचा दिवेलागणीला डोक्यावर असतो. वेळ आणि आकार यांचं लग्न लागलेलं आहे. आकार सांगा, मी वेळ सांगते. सावलीमुळं कला होत असत्या तर असं पक्कं नातं जमलंच नसतं.

पंचांगातली तिथीही हेच मोजते. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. तीस तिथी म्हणजे ३६० अंश, म्हणजे अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस. तिथी म्हणजे कलेचाच आकडा. आमच्या सासूबाई महिनाभर खगोलशास्त्र पाळत होत्या आणि आम्ही त्याला उपास म्हणत होतो.

जाता जाता सीमाभागाचं दुखणंही सांगते. कॅलेंडरमागच्या संकष्टीच्या चंद्रोदयाच्या यादीत कोल्हापूर असतं, पणजी असते, बेळगावही असतं. निपाणी नसते. मग आमच्या गल्लीत कुणी कोल्हापूरची वेळ धरायचं, कुणी बेळगावची, आणि त्यावरून कोण कुठल्या राज्यात जाऊ इच्छितो याचेही अंदाज बांधले जायचे. दोन्ही वेळांत फरक मिनिट-दोन मिनिटांचा. मोदक गार व्हायला तेवढा वेळ पुरत नाही.

४. मुलं विचारतात तो खरा प्रश्न, मग दर पुनवेला ग्रहण का नाही?

आमच्या भागात पुनवांना आणि अमावास्यांना नावं आहेत. ज्येष्ठातली पुनव कारहुण्णिवी, म्हणजे कर्नाटकी बेंदूर. पलीकडच्या महाराष्ट्रातल्या गावांचा बेंदूर आषाढात, त्यामुळं इकडचे बैल एकदा सजतात आणि तिकडचे पाहुणे पुन्हा बोलावतात. ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल करतात, मार्गशीर्ष अमावास्येला येळ्ळ अमावास्येचं जेवण शेतात होतं. मार्गशीर्ष आणि माघाच्या पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माकडं गाड्या लागतात. यांतल्या प्रत्येक पुनवेला चंद्र सूर्याच्या समोर येतो. मग सावली दरवेळी हुकते कशी?

इथं पुस्तकातली आकृतीच आड येते. तिच्यात पृथ्वी आणि चंद्र दोन बोटांच्या अंतरावर छापलेले असतात. बल्ब आणि चेंडूच्या प्रयोगातही तेच होतं. मूल हाताच्या अंतरावर चेंडू धरतं, बल्बकडं पाठ करतं आणि डोक्याची सावली चेंडूवर पडते. झालं, दर पुनवेला ग्रहण. शिक्षिका म्हणते "चेंडू जरा वर धर" आणि वेळ मारून नेते.

खरं माप घेतलं की गाडी रुळावर येते. टेबलटेनिसचा चेंडू चार सेंटीमीटरचा. तो चंद्र मानला तर पृथ्वी सुमारे पंधरा सेंटीमीटरची, सोललेल्या नारळाएवढी. आणि दोघांमधलं अंतर? जवळजवळ साडेचार मीटर. पोरं पहिल्यांदा हसतात, व्हरांड्यात मोजपट्टी लावली की डोळे मोठे करतात. आता पृथ्वीची गडद सावली त्या अंतरावर जाईपर्यंत निमुळती होत होत दहा-अकरा सेंटीमीटर रुंद उरते. आणि चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला पाच अंशांहून किंचित जास्त कललेली आहे. पाच अंश ऐकायला क्षुल्लक, पण साडेचार मीटरवर ते जवळजवळ चाळीस सेंटीमीटर होतात. म्हणजे चेंडू सावलीच्या रेषेच्या वर किंवा खाली चाळीस सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि सावली आहे हातभरसुद्धा नाही. हुकणारच. आकाशातले आकडे हवे असतील तर अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, तिथं सावलीची रुंदी सुमारे ९,००० किलोमीटर आणि चंद्राचं वर-खाली जाणं ३४,००० किलोमीटरच्या आसपास.

पाच अंश डोळ्यांना दाखवायचे असतील तर करंगळी पुरे. हात लांब करून धरलेली करंगळी साधारण एक अंश झाकते, म्हणजे पाच अंश पाच करंगळ्यांएवढे. चंद्र अर्धा अंश. म्हणजे पौर्णिमेचा चंद्र करंगळीमागं पूर्ण लपतो. करून बघा, उगवताना प्रचंड वाटणारा चंद्रसुद्धा लपतो.

५. राहू-केतूंना हाकलायची गरज नाही.

चंद्राची कललेली वाट सूर्याच्या वाटेला दोन ठिकाणी छेदते. पंचांगात राहू आणि केतू म्हणून ज्यांची गणितं असतात, ते हे दोन बिंदू. पौर्णिमा किंवा अमावास्या नेमकी या बिंदूंच्या जवळ आली तरच ग्रहण. हे बिंदू स्थिर नाहीत, १८.६ वर्षांत ते उलट्या दिशेनं एक फेरी मारतात. म्हणून ग्रहणं दरवर्षी त्याच महिन्यात येत नाहीत, मागं मागं सरकतात. आजी सांगते त्या गोष्टीतला राक्षस आणि पंचांगकर्त्याचा बिंदू एकाच नावानं नांदतात. मला त्यात अडचण दिसत नाही.

६. किती गेलं ते बघू नका, कसं गेलं ते बघा.

२८ ऑक्टोबर २०२३, कोजागरी. त्या रात्री एक वाजून पाच मिनिटांपासून दोन वाजून बावीस मिनिटांपर्यंत खंडग्रास चंद्रग्रहण होतं. दिवसभर फोनवर एकच विषय, दूध आटवायचं की नाही, आटवलं तर कधी प्यायचं, तुळशीचं पान टाकलं तर चालेल का. आमच्या अपार्टमेंटात काहींनी संध्याकाळीच उरकलं, काहींनी पुढच्या दिवसावर ढकललं. मी गच्चीवर बसले, मला ते ग्रहण हवंच होतं.

सावलीनं चंद्राच्या व्यासाचा जेमतेम बारा टक्के भाग खाल्ला. चार दिवसांनी, १ नोव्हेंबरला संकष्टी. त्या रात्री उगवलेल्या चंद्राचाही साधारण तेवढाच, किंचित जास्त भाग गेलेला होता. दोन्ही रात्री ज्यांनी बघितलं त्यांना मला काही सांगावं लागलं नाही. कोजागरीला एका कडेला छोटा चावा होता, कड धुरकट आणि आत वळलेली. संकष्टीला एका बाजूची पूर्ण कड या टोकापासून त्या टोकापर्यंत उतरली होती, आणि उजेडाची रेघ बाहेर फुगलेली.

गोल पृथ्वीची सावली गोलच पडते. त्यामुळं ग्रहणातली कड नेहमी चंद्राहून अडीचपटीपेक्षा मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. पृथ्वी गोल आहे याचा पुरावा म्हणून ॲरिस्टॉटलनं हेच दाखवलं होतं. अष्टमीची सरळ रेघ सावली काढूच शकत नाही. आणि अष्टमी ते पुनव या काळातली बाहेर फुगलेली रेघ तर अजिबात नाही. मुलांना मी कागदावर चंद्र काढायला देते आणि वाटीच्या कडेनं, वाटेल तिथं वाटी ठेवून, अष्टमीचा चंद्र काढून दाखवायला सांगते. कुणालाच जमत नाही.

७. पृथ्वीची सावली रोज दिसते, बघायला पूर्वेला तोंड हवं.

मावळतीला सगळे पश्चिमेकडं बघतात. सूर्य बुडाला की पाठ फिरवा. पूर्वेच्या क्षितिजावर निळसर-करडा पट्टा चढू लागतो, त्याच्या वर गुलाबी झाक. तो करडा पट्टा म्हणजे आपल्याच पृथ्वीची वातावरणावर पडलेली सावली. दहा-पंधरा मिनिटांत ती रात्रीत मिसळून जाते. पुनवेचा चंद्र याच बाजूनं, याच वेळेला उगवतो, सावलीच्या वरून, खालून किंवा बाजूनं निसटून.

३१ जानेवारी २०१८ ला तो निसटला नाही. माघी पुनव, भारत हुण्णिवी, सौंदत्तीच्या वाटेवर जत्रेच्या गाड्या. मी बेळगावात बहिणीकडं होते. आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो, कारण तिथून पूर्व मोकळी मिळते. खग्रास स्थिती ६ वाजून २१ मिनिटांनी सुरू होणार होती, आणि बेळगावात चंद्रोदय त्यानंतर थोड्याच वेळात. म्हणजे चंद्र उगवणार तोच पूर्ण सावलीत बुडालेला. सूर्य गेला, करडा पट्टा चढला, गुलाबी झाक आली, आणि चंद्र नाही. पंधरा मिनिटं झाली तरी नाही. गडावर आलेले एक काका वैतागून म्हणाले, "पेपरवाल्यांनी टाइम चुकवलाय बघा." काही मंडळी उतरायला लागली.

चंद्र उगवलेला होता. संधिप्रकाशात तो इतका मंद होता की दिसत नव्हता. सातच्या सुमारास अंधार दाटला तेव्हा अपेक्षेपेक्षा बराच वर, एक विझत आलेल्या निखाऱ्यासारखा गोळा सापडला. भाचीनं आधी शोधला. मग सगळ्यांना दिसला आणि उतरलेले अर्धे पुन्हा वर आले. ७ वाजून ३७ मिनिटांनी एका कडेला झगझगीत ठिपका फुटला, ८ वाजून ४१ मिनिटांनी सावली पूर्ण सुटली.

तांबडा का, हे तिथंच विचारलं गेलं. पृथ्वीभोवती हवेचा पातळ थर आहे. तिच्या कडेनं जाणारा सूर्यप्रकाश त्या थरात वाकतो, निळा विखुरला जातो, तांबडा सावलीच्या आत पोचतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथं जिथं सूर्य उगवत किंवा मावळत होता, त्या सगळ्या ठिकाणचा उजेड चंद्रावर पडलेला होता. आमच्या मागची मावळतीसुद्धा त्यात होती. कलेच्या काळोख्या भागावर हा तांबडेपणा कधी येत नाही. तो काळोख सावलीचा नसून चंद्रावरच्या रात्रीचा असतो.

८. सूर्यग्रहण झाडाखाली बघावं.

इथं सावली चंद्राची आणि पडते आपल्यावर, म्हणून तिथी अमावास्या. चंद्राची सावली लहान, त्यामुळं ती एका पट्ट्यातूनच जाते. चंद्रग्रहण मात्र जिथं जिथं रात्र असेल आणि चंद्र वर असेल तिथं सगळ्यांना सारखंच. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास सूर्यग्रहणाच्या पट्ट्यात हुबळी होती. आमच्या घरात त्या दिवशी दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून बसवलं होतं. हुबळी इतकी जवळ असून आम्ही भिंत बघितली.

२६ डिसेंबर २०१९ ला, मार्गशीर्ष अमावास्येच्या सकाळी, कंकणाकृती पट्टा मंगळूर, कोडगूवरून गेला. आमच्याकडं खंडग्रास. मी मुलांना शाळेच्या आवारातल्या झाडाखाली नेलं. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे उन्हाचे गोल कवडसे सगळे कोरीच्या आकाराचे झालेले. प्रत्येक फट सूर्याचं चित्र पाडत होती. वर बघायची गरजच पडली नाही. एक्स-रेची फिल्म, काळी काच, गॉगल यांतलं काहीही डोळ्यांना चालत नाही, हे मी मुलांना दमच देऊन सांगते. प्रमाणित ग्रहण-चष्मा नसेल तर जमिनीकडं बघा. चंद्रग्रहणाला यातलं काहीच लागत नाही, उघड्या डोळ्यांनी खुशाल रात्रभर बघा.

ग्रहणं बहुतेकदा पंधरा दिवसांच्या जोडीनं येतात. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाचच्या सुमारास सूर्याला छोटा लचका गेला आणि तसाच तो बुडाला. मग ८ नोव्हेंबरच्या त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र ग्रहणाची शेपटी घेऊनच उगवला. छेदनबिंदू जवळ असतो तोवर एक अमावास्या आणि एक पुनव दोन्ही सापडतात. म्हणून ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणानंतर २१ तारखेला सर्वपित्री अमावास्येला सूर्यग्रहण आलं. ते आपल्याकडं दिसणारच नव्हतं, तरी श्राद्ध कधी करायचं म्हणून फोन आलेच.

९. वेध पाळायचे की नाही, यावर मी वाद घालत नाही.

गरोदर सुनेला विळी हातात घेऊ नको म्हणणाऱ्या बाईशी भांडून काही मिळत नाही. ग्रहणाचा पोटातल्या बाळावर परिणाम होत नाही, हे मी विचारलं तर सरळ सांगते. न विचारता गच्चीवर चहा घेऊन बोलावते. एकदा वर आलेली बाई सहसा अर्ध्यातून खाली जात नाही.

पंचांगाचा मात्र मी मान ठेवते. स्पर्श आणि मोक्षाची वेळ मिनिटापर्यंत छापतात, ती सावलीच्याच गणितातून येते. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये ग्रहण म्हणजे सावली असं लिहून ठेवलं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाच्या १५२० च्या ग्रहलाघवावर इकडची पंचांगं पिढ्यान्‌पिढ्या चालली. आणि भास्कराचार्य! त्यांनी आपलं गाव विज्जडविड म्हणून सांगितलं. ते विजापूर की चाळीसगावजवळचं पाटण, यावर कानडी आणि मराठी विद्वान अजून हमरीतुमरीवर येतात. सीमावाद आपल्याकडं नऊशे वर्षं मागंही नेता येतो.

१०. पुढच्या तारखा लिहून ठेवा.

२ ऑगस्ट २०२७ च्या आषाढी अमावास्येला दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण आहे, पण त्या दिवसांत निपाणीत सूर्य दिसला तर नशीब. खरी वाट बघायची ती ३१ डिसेंबर २०२८ ची. साडेआठनंतर सावली चढेल, दहाच्या आसपास चंद्र पूर्ण तांबडा असेल आणि मध्यरात्रीच्या सुमारास सावली सुटेल. डिसेंबरचं आकाश, बहुधा स्वच्छ. बेळगावात कॅम्पात आणि गल्लोगल्ली पोरं बाराला सरत्या वर्षाचा पुतळा, म्हणजे ओल्ड मॅन, जाळतात, फटाक्यांच्या धुरात वर काही दिसत नाही. म्हणून भाचीला आत्ताच सांगून ठेवलंय की त्या वर्षी ओल्ड मॅन नंतर, आधी जेवण लवकर आटपून राजहंसगड.